साक्षीदार निपाणीतच हवा

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी सर्व्हर रूममध्ये होतो, नीट बोलता आलं नाही. "कोल्हापूरला जोडीचे सर्व्हर असताना मेल बंद पडलाच कसा?" असं तू विचारलंस. कारखान्यातही सगळ्यांनी हेच विचारलं. सविस्तर लिहितो, कारण पुढे तुझ्याकडे एक कामही आहे.

आषाढातला इथला पाऊस तुला ठाऊक आहे. उद्यमबागेत वीज गेली, जनरेटर लागलीच सुरू झाला, पण लोड विजेवरून जनरेटरवर वळवणाऱ्या चेंजओव्हर पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे त्यातला विजेवर चालणारा स्विच, अडकला आणि लोड जनरेटरवर आलाच नाही. यूपीएसने जमेल तेवढा वेळ काढला. बॅटऱ्या उतरल्या आणि स्टोरेज, स्विच, सर्व्हर सगळं एकदम बंद. परदेशी गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, डिस्पॅचचे कागद, सगळं मेलवर चालतं. फाउंड्रीची भट्टी चालू आणि ऑफिस मुकं, अशी अवस्था.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आमचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवर चालतो. त्याच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांकडे मेलच्या डेटाबेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या गटात (त्याला डॅग म्हणतात), बेळगावला दोन सर्व्हर, कोल्हापूरला दोन आणि साक्षीदार म्हणून, म्हणजे फक्त मत देण्यापुरता, एक फाइल शेअर, तोही बेळगावलाच. मतं एकूण 5, आणि क्लस्टर चालू राहायला 3 लागतात. बेळगाव गेलं तशी 3 मतं गेली, कोल्हापूरकडे उरली 2. म्हणून तिथले सर्व्हर धडधाकट असूनही त्यांनी डेटाबेस खाली उतरवले, म्हणजे बंद केले. सर्व्हर एकामागोमाग एक गेले असते तर विंडोजच्या डायनॅमिक कोरमने (कोरम म्हणजे चालू राहायला लागणारं बहुमत) मतांचा हिशेब जुळवत नेला असता. सगळे एकाच वेळी गेल्यावर त्याला तेवढी उसंत मिळत नाही.

हे बंद पडणं मला योग्यच वाटतं. कोल्हापूरला एवढंच कळतं की बेळगावकडून आवाज येत नाही. बेळगाव बंद आहे की मधली लाइन तुटली आहे, हे त्याला तिथे बसून कळायला मार्ग नसतो. नुसती लाइन तुटली असताना दोन्हीकडे तोच डेटाबेस चालू झाला, तर एकाच माणसाच्या काही मेल इकडच्या प्रतीत आणि काही तिकडच्या प्रतीत पडतात. त्या दोन प्रती पुन्हा एक होत नाहीत, एक टाकून द्यावी लागते. मेल काही तास बंद राहिला तर माणसं चिडतात. हा घोळ झाला तर नेमकं काय गेलं, हेसुद्धा कळत नाही.

साहेब रात्रीच येऊन उभे राहिले. "कोल्हापूर चालू करा, वाट कसली बघताय?" त्यांची घाई रास्त होती. पण आधी इकडचं पक्कं करायचं, यावर मी अडून बसलो. वॉचमनने टॉर्च धरला आणि बेळगावच्या दोन्ही सर्व्हरच्या मागच्या नेटवर्क केबली मी एकेक काढून, चिठ्ठ्या लावून बाजूला बांधल्या. आता मध्येच वीज आली तरी ते कुणाशी बोलणार नव्हते. मग फोनवरून कोल्हापूरच्या सहकाऱ्याला पुढचं सांगितलं. बेळगावचे सर्व्हर थांबले आहेत अशी नोंद फक्त कॉन्फिगरेशनमध्ये करायची, कोल्हापूरच्या दोन्ही सर्व्हरवरची क्लस्टर सर्व्हिस थांबवायची, आणि मग रिस्टोअरची कमांड पर्यायी साक्षीदार देऊन चालवायची. त्या कमांडने बेळगावचे सर्व्हर क्लस्टरमधून बाहेर काढले, कोल्हापूरला कोरम मिळाला आणि डेटाबेस चढू लागले.

एका डेटाबेसपाशी कॉपी क्यूचा, म्हणजे कोल्हापूरला जायच्या राहिलेल्या लॉग फाइलींचा, आकडा 4 दिसत होता. डेटाबेसमधला प्रत्येक बदल लॉगमध्ये नोंदला जातो आणि त्याची एक फाइल 1 एमबीची असते, म्हणजे शेवटचे तेवढे बदल कोल्हापूरला पोचलेच नव्हते. त्यातल्या आलेल्या-गेलेल्या मेल सेफ्टी नेटमधून, म्हणजे एक्स्चेंजने राखलेल्या मेलच्या जादा प्रतींमधून, पुन्हा पोचवल्या जातात, ते मूळ मांडणीत 2 दिवसांच्या मेल राखून ठेवतं. कुणी अर्धवट लिहून ठेवलेला मसुदा मात्र त्यातून परत येत नाही. हे मी सकाळी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं. बाहेरून येणाऱ्या मेलची काळजी करू नकोस. पाठवणारा सर्व्हर त्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या, नियमानुसार निदान 4-5 दिवस त्याने हार मानायची नसते.

वीज आल्यावर खरी घाई सुटते मर्दा, आणि तिथेच गोंधळ होतो. आम्ही आधी स्विच, मग स्टोरेज, मग डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) सुरू केले, घड्याळं जुळली का ते पाहिलं आणि त्यानंतरच मेल सर्व्हरना हात लावला. डॅगमध्ये डॅक मोड ही सोय चालू असेल तर नव्याने उठलेला सर्व्हर आपणहून डेटाबेस चढवत नाही, आधीपासून चालू असलेल्या सोबत्याची परवानगी लागते. तुझ्याकडे तो चालू आहे का, आजच बघ.

बेळगावच्या एका प्रतीवर "डर्टी शटडाउन" आलं, म्हणजे डेटाबेस नीट बंद झालेला नव्हता. नवी पोरं हे दिसलं की थेट ईएसईयूटील या एक्स्चेंजच्या डेटाबेस-हत्याराचा दुरुस्तीचा पर्याय चालवतात. तो पर्याय बिघडलेली पानं फेकून देतो. कुणी सांगितलं तरी करू नकोस. प्रत एकटीच असेल तर आधी लॉगमधले बदल पुन्हा लावून सावरायचा प्रयत्न करावा. आमच्याकडे कोल्हापूरची चांगली प्रत होती, म्हणून इकडची जुनी फाइल बाजूला ठेवून तिकडून नवी भरून घेतली. रात्रभर लाइन त्यातच गुंतली, पण सकाळी सगळ्या प्रती निरोगी दिसत होत्या. बेळगावचे सर्व्हर परत क्लस्टरमध्ये घेतले, साक्षीदाराची नोंद तपासली, डेटाबेस मात्र सुट्टीच्या दिवशीच इकडे आणले.

आता तुझं काम. साक्षीदार बेळगावातच ठेवल्यामुळे हा सगळा खटाटोप हाताने करावा लागला. एक्स्चेंज 2013 पासून साक्षीदार तिसऱ्या जागी ठेवता येतो. तो तुझ्याकडे निपाणीला असता तर कोल्हापूरची 2 आणि त्याचं 1 मिळून 3 मतं झाली असती आणि डेटाबेस आपोआप कोल्हापूरला चढले असते. तुझ्या ऑफिसात एक साधा विंडोज सर्व्हर पुरेल, फाइल शेअरला जागा नावापुरतीच लागते. अट एकच आहे, पण ती सोडता येणार नाही. तुझ्याकडून बेळगावची आणि कोल्हापूरची लाइन वेगवेगळ्या वाटेने गेली पाहिजे. कोल्हापूरची जोडणी बेळगावच्या स्विचमधून फिरून येत असेल तर बेळगावबरोबर तीही जाईल आणि साक्षीदार असून नसल्यासारखा. तुमच्या लाइनवाल्याकडून दोन्ही वाटांचा नकाशा लेखी घे, तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. तो मिळाला की मला पाठव, मी साहेबांची मंजुरी घेऊन ठेवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बेळगावचा मित्र