मेणवलीची ओळख चित्रीकरणापुरती नको

'वाई परिसरातील भटकंती' हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण मेणवलीच्या वाड्याची ओळख त्यात 'चित्रपटांच्या चित्रीकरणाचे ठिकाण' एवढ्यावरच आटोपली, याचे वाईट वाटले.

हा वाडा नाना फडणवीसांचा. 1800 साली नाना गेले, पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाईंचे वास्तव्य इथे होते. पेशवाईच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्यांना ज्या 'मेणवली दप्तरा'वाचून, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहावाचून, पुढे जाता येत नाही, ते याच वाड्यातले. म्हणजे ही नुसती जुनी देखणी वास्तू नव्हे, राज्याचा हिशेब आणि पत्रव्यवहार जपलेले घर आहे. मागच्या दाराने कृष्णेच्या घाटावर उतरले की मेणेश्वराच्या मंदिराजवळच्या छोट्या देवळीत मोठी पंचधातूची घंटा टांगलेली दिसते. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल स्पष्ट उमटले आहे. 1739 च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयाची ही खूण. मी गेलो तेव्हा शेजारी उभी असलेली शाळकरी मुले 'इथे कुठला सीन झाला?' एवढेच विचारत होती. त्यात मुलांची चूक नाही. आपण त्यांना दुसरे काही सांगितलेलेच नाही.

वाडा खासगी मालकीचा असल्याने तिथे काय करावे हे मालकांनी ठरवायचे. मात्र घाटावर घंटेची आणि दप्तराची माहिती देणारा ठळक मराठी फलक लावणे प्रशासनाला अवघड नाही. आपणही पुढच्या लेखात दप्तराला चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, वाई