चहाचा कप हलला नाही

नाशिक

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "बाबा, तिकडे नक्की काही झालं नव्हतं ना?" आणि मी तिन्ही वेळा विषय मुरूडच्या सुरमईवर नेला. आई शेजारीच मटार सोलत बसली होती. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन लावू नकोस.

आधी प्रवासाचं सांगतो, कारण "पोहता येत नाही आणि निघाले समुद्रात" म्हणत तू आठ दिवस रुसली होतीस. आम्ही चौघं होतो. मी, प्रेसवाले काका, दिंडोरीचे द्राक्षवाले काका आणि पंचवटीतले अण्णा. द्राक्षवाल्यांच्या व्याह्यांच्या ओळखीतल्या एकाची चाळीस फुटी कॅटमरान गेटवेसमोर नांगरलेली असते, तिच्यावर कॅप्टन आणि हर्णैचा एक खलाशी. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, मध्ये खोलीभर अंतर सोडायचं, वरून ओटा टाकायचा आणि मधोमध डोलकाठी उभी करायची, म्हणजे कॅटमरान. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. पुढे दोन होड्यांच्या मध्ये जाळी ताणलेली असते. तिच्यावर पालथं पडलं की नाकाखालून समुद्र पळताना दिसतो. अण्णा जेवणापुरते उठायचे, बाकी मुक्काम जाळीवर. लाइफ जॅकेट मी झोपतानाही काढलं नाही, तेव्हा ती काळजी सोड.

पहिल्या दिवशी खांदेरीच्या जवळून गेलो. १६७९ साली महाराजांच्या माणसांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून या बेटावर तट बांधायला घेतला, मायनाक भंडारी त्यांचा म्होरक्या. आता तिथे १८६७ सालचं दीपगृह आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जे बारा किल्ले यादीत घेतले त्यांत खांदेरी आहे आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही. हे द्राक्षवाल्यांनी कॅप्टनला चार वेळा ऐकवलं. संध्याकाळी जंजिऱ्याच्या अलीकडे नांगर टाकला. रात्री जाळीवर बसून वाटलं, आपली गोदावरी किती आडमुठी! त्र्यंबकहून हा समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि बाई पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिथल्याच डोंगरात उगवलेली वैतरणा मात्र सरळ इकडे उतरते. असो.

दुसऱ्या दिवशी अकराला मुरूड सोडलं, हर्णैला जायचं होतं. जानेवारीत दुपारचा वारा वायव्येकडून येतो आणि आम्ही दक्षिणेला निघालेलो, म्हणजे वारा पाठीवर. दोन्ही शिडं पूर्ण उघडलेली. श्रीवर्धन मागे पडलं, हरिहरेश्वरचा डोंगर दिसायला लागला. खलाशाने चहा केला. टेबलावर चार कप, रमीचा डाव मांडलेला, प्रेसवाल्यांच्या हातात दोन जोकर. कपातला चहा कडेलासुद्धा लागत नव्हता. वाराही मंद, अंगावर झुळूक येत होती म्हण. मी मनात म्हटलं, मनीला उगीच बोटीची भीती वाटते.

तेवढ्यात खलाशी उठला. चाकाजवळच्या पडद्यावर वाऱ्याचा वेग बघून म्हणाला, "बावीस. शीड उतरवूया." चाकाशेजारी एक कागद चिकटवलेला होता. वारा अठरा नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला की शिडाची पहिली घडी, म्हणजे शीड थोडं दुमडून लहान करायचं, तेवीसला दुसरी. मला हसू आलं. म्हटलं, अहो, इथे पान हलत नाहीये.

"पत्ते आवरा," एवढंच तो म्हणाला.

कॅप्टनने बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि मने, कुणी तरी दार उघडावं तसा वारा आत आला. शिडाचा फडफडाट बंदुकीसारखा. माझी टोपी गेली, बदामची राणी आणि एक जोकर गेला, लाटा पुढून थडाथड आपटायला लागल्या. तोच वारा, तोच समुद्र. दोघांनी दोर ओढून, शीड खाली घेऊन घडी बांधली. सात-आठ मिनिटं लागली असतील. मी खांब धरून रामरक्षा म्हणत होतो, हे आईला सांगितलंय. पुन्हा पाठ फिरवली की परत झुळूक!

नंतर कॅप्टनने हिशेब सांगितला. खरा वारा बावीस नॉट, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. आम्ही त्याच दिशेने आठ नॉटने पळत होतो, म्हणून अंगाला लागत होता फक्त चौदाचा. शिवाय एका बुडाची शिडाची बोट वारा वाढला की कलते. भांडी पडतात, माणसं घसरतात, मग न सांगताच कळतं की शीड जास्त झालंय. आणि आडवी झाली तरी तळाचं वजन तिला पुन्हा उभी करतं. कॅटमरान दोन पायांवर फताडी उभी असते, ती फारशी कलत नाही. सोसते, सोसते, आणि दोर किंवा डोलकाठी तुटते तेव्हाच कळतं. अशा बोटी क्वचितच उलटतात, घाबरू नकोस, पण उलटलीच तर आपोआप सुलटी होत नाही. म्हणून हिच्यावर अंगाला काय वाटतं ते विचारायचं नाही, आकडा बघायचा. आपल्याकडे पुरात भांडीबाजारातले दुकानदार तरी काय करतात? पाणी किती भयंकर दिसतंय ते बघत बसत नाहीत. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारतात आणि माल हलवतात.

आता खरी गोष्ट. त्या रात्री हर्णैला, सुवर्णदुर्ग समोर अंधारात बसलेला, जेवणं झाल्यावर प्रेसवाल्यांनी पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. ते रोज मोजतात. मग पानाच्या तबकासारखं ते सगळ्यांत फिरलं. अण्णा १३०/८०, द्राक्षवाले १४०/८८. माझा दंड आला तेव्हा १६८/१०४. सगळे गप्प. पाच मिनिटांनी पुन्हा लावलं, १७०/१०२. मी म्हटलं, अहो, मला काहीच होत नाहीये, डोकंसुद्धा दुखत नाही. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. खलाशी भांडी घासत होता, त्याने मान वर करून बघितलं फक्त.

मने, दिवाळीपासून मी गोळ्या बंद केल्या होत्या. कुणाला न विचारता. बरं वाटत होतं, मग कशाला घ्यायच्या, एवढंच डोकं चाललं. आई पाकिटं मोजते म्हणून रोज एक गोळी काढून मोगऱ्याच्या कुंडीत टाकायचो. (मोगऱ्याला काही झालं नाही.) तू मागच्या वाढदिवसाला पाठवलेलं यंत्र कपाटात खोक्यासकट होतं. तू विचारलंस की मी "नॉर्मल" म्हणायचो.

येतानाचं थोडक्यात. उलट्या वाऱ्याला तोंड देऊन वर चढायला कॅटमरान फारशी बरी नाही, म्हणून पहाटे चारला नांगर उचलायचा आणि दुपारच्या आत मुक्काम गाठायचा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो, तो आडवा मिळाला की उत्तरेला छान जाता येतं. तू सातवीत खारे वारे आणि मतलई वारे यांची अदलाबदल करून दोन मार्क घालवले होतेस आणि मी ओरडलो होतो. खरं तर तेव्हा मलाही पाठ होतं तेवढंच, अंगाला लागलं ते आत्ता.

नाशिकला उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. ईसीजी ठीक आला. ते बरंच बोलले, त्यातलं निम्मं तुझ्याच शब्दांत होतं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. तुझं यंत्र आता जेवणाच्या टेबलावर आहे. आईला सांगितलंय की प्रेसवाल्यांचं बघून हौस आली.

आकडा रोज सकाळी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहितो. काल १४२/८८ होतं, आज १३८/८६. कुंडीतल्या गोळ्यांचं आईला अजून माहीत नाही. तू सांगू नकोस. रविवारी जेवणं झाली की मीच सांगणार आहे, तेव्हा दोनच्या सुमारास फोन कर.

तुझा,
बाबा