दोष नाचाचा की बाटलीचा?

ख्रिस्ती लग्नांतील नाचामुळे तरुण पिढी बिघडते, अशा आशयाचे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकांनी बायबलमधील हेरोद राजाच्या मेजवानीत हेरोदियेच्या मुलीने केलेल्या नाचाचा दाखला दिला आहे. त्या नाचापाठोपाठ बाप्तिस्मा देणारा संदेष्टा योहान याचा शिरच्छेद झाला हे खरे. पण मार्ककृत शुभवर्तमानाचा 6वा अध्याय नीट वाचावा. मुलीने शीर मागितले ते आईच्या सांगण्यावरून आणि हेरोदाने ते दिले ते ‘मागशील ते देईन’ या पाहुण्यांसमोर घेतलेल्या शपथेपायी. यात नाचाचा दोष किती? उलट कराराच्या कोशापुढे (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीपुढे) दावीद राजा भान हरपून नाचला आणि त्याला नाके मुरडणारी त्याची बायको मीखलच शेवटी दोषी ठरली. स्तोत्र 150 तर डफ वाजवून, नाचून देवाची स्तुती करायला सांगते.

शरणपूर भागातल्या हळदीत साठीच्या मावश्या पदर खोचून फुगड्या घालतात, तेव्हा कोणाचेही आचरण बिघडत नाही. बिघडते ते मांडवामागे गाडीच्या डिकीत बाटल्या उघडतात तिथे. (डीजेच्या आवाजाबद्दलची पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त.) चर्चच्या कमिटीला नियम करायचाच असेल तर दारूबंदीचा करावा. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम तर कायद्यातच आहे, तो पाळला तरी पुरे.

– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक