सूचना : सामायिक डिझाइन डॉक्युमेंटच्या आकाराबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, क्लाउडवरील डिझाइन सॉफ्टवेअरमधील आपली काही सामायिक डॉक्युमेंट्स आकाराने फार वाढली असून ती उघडण्यास बराच वेळ लागत आहे. अशी वाढ बहुधा आपण स्वतः काढलेल्या स्केचमुळे नव्हे, तर बाहेरून आणलेल्या फाइल्समुळे होते. उदाहरणार्थ, बायनरी एसटीएल फाइलमध्ये (म्हणजे वस्तूचा त्रिमितीय पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांच्या जाळीच्या रूपात साठवणाऱ्या फाइलमध्ये) प्रत्येक त्रिकोणासाठी ५० बाइट लागतात. म्हणजे १० लाख त्रिकोणांचे स्कॅन केलेले एक मॉडेलच सुमारे ५० एमबी जागा व्यापते. म्हणून अशी मॉडेल्स आणण्यापूर्वी त्रिकोणांची संख्या कमी करावी.

डॉक्युमेंटमधील नको असलेला टॅब (म्हणजे त्यातील एखादे स्वतंत्र पान) नुसता डिलीट केल्याने जागा मोकळी होईलच असे नाही, कारण जेथे प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो, तेथे काढलेला भागही जुन्या आवृत्त्यांत शिल्लक राहतो (चुकून काही पुसले गेल्यास हाच इतिहास कामी येतो, हेही खरे). अशा वेळी, सोय उपलब्ध असल्यास, चालू आवृत्तीची इतिहासाविना नवी प्रत करून पुढील काम तिच्यात करावे. मूळ डॉक्युमेंट मात्र त्यावर अवलंबून असलेल्या असेंब्ली (अनेक भाग जोडून केलेल्या रचना) तपासल्याशिवाय कोणीही काढून टाकू नये. नट-बोल्टसारखे वारंवार लागणारे भाग एकाच स्वतंत्र डॉक्युमेंटमधून लिंक करावेत.