डुकराच्या कानातली खपली

शिरपूर,
१४ डिसेंबर

प्रिय सुनील,

तुझा मेसेज बघितला. फोनवर बोटं बडवून एवढं सांगणं जमायचं नाही, म्हणून कागद घेतला. खरजेच्या औषधाची चाचणी डुकरांवर घेतात हे वाचल्यापासून आपली चिमी रोज जेवताना वाद घालते म्हणतोस, तर घालू दे. तुझा प्रश्नही रास्त आहे : 'उंदीर मेले का सगळे?'

उंदीर मेले नाहीत, भो. पण खरजेचा किडा त्यांच्या अंगावर धड टिकत नाही. काचेच्या बशीत तो वाढवता येत नाही. अंगावरून उतरला की दोन-तीन दिवसांत खलास. बरं, माणसावर शोधावा तर साध्या खरजेत अख्ख्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा किडे असतात. इतक्याशा किड्यांवर औषध तपासणार कसं?

म्हणून डुक्कर. त्याची कातडी आपल्यासारखी, केस विरळ, आणि त्याला लागणारी लूत म्हणजे आपल्याच खरजेची चुलत बहीण. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डुकरांना डेक्सामेथासोन देऊन प्रतिकारशक्ती उतरवली, तेव्हा लूत महिनोन्‌महिने अंगावर राहिली. किडे मुबलक मिळतात ते कानात. तिथली खपली मी स्वतः कितीदा खरवडलीय. काळ्या कागदावर ठेवायची, वर बल्ब धरायचा. ऊब लागली की राखेच्या कणाएवढे पांढुरके ठिपके खपलीतून बाहेर निघून चालायला लागतात. पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मी झोपेत अंग खाजवत होतो.

२०१६ साली फ्रेंच संशोधकांनी अशाच डुकरांचे तीन गट केले. एकाला काहीच नाही, दुसऱ्याला आयव्हरमेक्टिन या किडेमार औषधाचे दोन डोस, तिसऱ्याला मॉक्सिडेक्टिन या दुसऱ्या औषधाचा एकच. एकच डोस वरचढ ठरला. कारण आयव्हरमेक्टिन किडे मारतं, अंडी नाही. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, तोवर औषध अंगातून उतरलेलं असतं. मॉक्सिडेक्टिन मात्र कातडीत मुक्काम ठोकतं. अर्थात डुकराला लागू पडलं म्हणजे माणसालाही पडेलच असं नाही, पुढे माणसांवरच्या चाचण्या लागतातच. पण चिमीला एवढं सांग की आयव्हरमेक्टिन आधी आम्हा ढोरांच्या डॉक्टरांचं औषध होतं, १९८१ पासून. माणसांचे डॉक्टर मागाहून आले. (हे सांगताना माझी छाती फुगते, तू हसशील.)

प्राणी नकोत तर माणसं घ्या म्हणेल ती. तेही झालंय. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातल्या शेफिल्डला केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धाला नकार दिलेल्या तरुणांना खरूज झालेल्या सैनिकांच्या कपड्यांत आणि घोंगड्यांत झोपवलं. घोंगड्यांतून खरूज फारच थोड्यांना झाली. ती पसरते अंगाला अंग लागून. त्या पोरांनी खाजवत काढलेल्या रात्री डोळ्यांसमोर आल्या की मला डुक्कर बरं वाटतं. डुकराला विचारलं नव्हतं, हे मात्र खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता घरचं ऐक. गेल्या थंडीत पुतण्या होस्टेलवरून खरूज घेऊन आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्या. मी शहाणा, म्हटलं ज्याला खाजतं त्यालाच द्या. पहिल्या लागणीत खाज सुटायला महिना-दीड महिना लागतो, हे मीच शेळीवाल्यांना सांगत फिरतो! शेळ्यांचा दुसरा डोस माझ्या डायरीत असतो, पुतण्याचा राहून गेला. संक्रांतीला अख्खं घर खाजवत बसलं. आई म्हणाली, "तू ढोरेस्ना डाक्टर ना? मंग घरनास्कडे कोन देखी?"

नाताळच्या सुट्टीत चिमीला घेऊन ये. भरीत, कळण्याची भाकरी, आणि तिला खपलीही दाखवतो. वहिनींना नमस्कार. पांघरुणं घरचीच देईन, घाबरू नकोस. मेलनबीचा हवाला आहे.

तुझा,
भास्कर