‘लाइन’ राहू द्या, ‘मार्गिके’चं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीत इंग्रजी शब्द फार घुसले, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांत हटकून येते आणि त्यात ‘लाइन’चं नाव जवळजवळ ठरलेलं असतं. रांग म्हणा, ओळ म्हणा, रेषा म्हणा, मार्ग म्हणा, पण लाइन नको. पत्रलेखकांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण मुंबईत राहून लाइनीवर राग धरायचा म्हणजे कठीणच. इथे राहण्याचं ठिकाण विचारताना आधी ‘कुठल्या लाइनीला?’ हेच विचारतात. सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर, एवढं कळलं की त्या माणसाच्या सकाळचा अर्धा अंदाज येतो. ‘मुलगा चांगला आहे हो, पण हार्बरला राहतो,’ असं म्हणणारी एखादी मावशी घरोघरी असतेच. (ज्या हार्बरला नाकं मुरडतात, त्याच लाइनीवर 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली होती. हे आपलं जाता जाता.)

दादरच्या पुलावर मागे एक तरुण फोनवर बोलत होता: ‘अरे, लाइनवर राहा, मी लाइन चेंज करतोय, जिन्याला ही मोठी लाइन लागलीय.’ एका दमात तीन लाइनी, तीन अर्थ, आणि पलीकडच्याला काही विचारावं लागलं नाही. मराठीत अशा शब्दांचा हिशेब क्रियापद चोख ठेवतं. लाइन ओढली की रेघ, लाइन लावली की रांग. लाइन मारली की कॉलेजातले उद्योग, आणि समोरून लाइन दिली तर मग विचारूच नका. ‘तो आधी फिल्मलाइनला होता, नंतर त्याने ती लाइन सोडली,’ हे वाक्य रेल्वेबद्दल आहे असं कुणालाही वाटत नाही. शब्दाने लिंगसुद्धा इथलंच घेतलं. रांग ती, ओळ ती, रेघ ती, म्हणून लाइनही ती. अनेक झाल्या की लाइनी, आणि उभं राहायचं ते लाइनीत.

मरीन लाइन्स स्टेशनचं नाव रुळांवरून पडलं असेल, असं अनेकांना वाटतं. तिथली लाइन लष्करी आहे. इंग्रजांच्या मरीन बटालियनची वस्ती तिथे होती आणि फौजेच्या बराकींच्या रांगांना इंग्रजीत लाइन्स म्हणत. पोलीस लाइन किंवा नागपूरचं सिव्हिल लाइन्स ही त्याच घराण्यातली नावं.

माझा सर्वांत आवडता वापर मात्र गवंड्याचा. त्याची ‘लाइनदोरी’ पाहिलीय का कधी? भिंतीच्या दोन टोकांना खिळे मारून ताणून बांधलेली बारीक दोरी. तिला कड लावून एकेक वीट बसते, थर पुरा झाला की दोरी वर सरकते, आणि उभ्या रेषेसाठी ओळंबा असतोच. लाइन या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ जवसाच्या तंतूंचा दोरा. म्हणजे आपण चटणी करतो तेच जवस. गवंडी बिचारा एकाच वस्तूचं नाव दोन भाषांत घेतो, पण भिंत सरळ येते.

एका शब्दाला इतके अर्थ म्हणजे ढिसाळपणा, असंही एक मत असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती आणि तिच्यात 430हून अधिक अर्थ नोंदवले होते. आपलं ‘लागणं’ काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, झाडाला फणस लागतात, आणि नशीब असेल तर म्हाडाचं घर लागतं. यातून एक तरी अर्थ वगळा, असं अजून कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती ‘मार्गिका’ या शुद्ध शब्दाबद्दल आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तिथे मार्गिका म्हणजे रुळांची जोडी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेट्रोच्या 2अ आणि 7 या मार्गिकांचा पहिला टप्पा सुरू झाला. इथे मार्गिका म्हणजे स्थानकांसकट अख्खा मार्ग. आणि सागरी किनारा रस्ता आठ मार्गिकांचा, म्हणजे आठ लेनचा. उद्या ‘मार्गिकेच्या कामासाठी दोन मार्गिका बंद’ असं छापून आलं, तर मी घरातून निघताना नेमकं काय टाळायचं? लाइनीला निदान क्रियापद वाट दाखवतं. मार्गिका मात्र नुसती ‘सुरू होते’ किंवा ‘बंद राहते’, मग ती कुठलीही असो. सरकारी पत्रकातून आलेला हा शब्द बातमीत जसाच्या तसा उतरतो. बोलताना मी तो अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मराठी शब्द रुजत नाहीत, असं मुळीच नाही. मैदानात फक्की मारून आखलेल्या कबड्डीच्या अंगणात ‘निदान रेषा’ आणि ‘बोनस रेषा’ असं पोरं बिनदिक्कत म्हणतात. ते शब्द खेळता खेळता तोंडात बसले आहेत, आणि एका नावाची एकच रेषा आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की रविवारच्या मेगाब्लॉकच्या आणि मेट्रोच्या बातम्या देताना रूळ असतील तिथे रूळ लिहा, मेट्रो असेल तिथे मेट्रोचा मार्ग लिहा, आणि रस्त्यावरच्या लेनला खुशाल लेन म्हणा. ‘मार्गिका’ ठेवायचीच असेल, तर या तिघांपैकी कुणा एकाला द्या. कुणाला द्यायची, ते आपल्या वृत्तविभागाने ठरवावं.

आपला,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई