आधी मुलाला वाचायला लावा, मग भांडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येत्या सोमवारपासून, म्हणजे २४ जानेवारी २०२२ पासून, कोरोनामुळे बंद असलेल्या शाळा पुन्हा उघडायला शासनाने परवानगी दिली आहे आणि अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला आहे. ही बातमी येताच खेड्यापाड्यांत जुने भांडण नव्याने पेटले. पारावर पालक म्हणतात, मास्तरांनी दोन वर्षे घरबसल्या पगार उचलला. शाळेच्या कार्यालयात शिक्षक म्हणतात, पालकांना पोरांची फिकीर नाही, अर्धा तास मोबाइल मागितला तर तोंड फिरवतात. थोडेथोडे खरे दोघांचेही आहे. पण हे सगळे भांडण मोबाइलपाशी अडकले आहे. ज्या पोरासाठी भांडायचे, त्याला ‘मगर’ हा शब्द वाचता येतो का, हे दोघांपैकी कोणीही शांतपणे बसून पाहिलेले नाही.

आधी दिवसांचा हिशोब मांडू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले आणि १० जानेवारीपासून पुन्हा बंद झाले. आज दुसरीत असलेल्या मुलाने आयुष्यात जेमतेम पाच आठवडे वर्ग पाहिला आहे. तिसरीतले मूल पहिलीचे वर्षही पुरते करू शकले नाही, कारण परीक्षेआधीच शाळेला कुलूप लागले. हजेरीपटावर ती दुसरी-तिसरीची मुले आहेत, शिकण्याच्या हिशोबाने बहुतेक पहिलीच्या उंबरठ्यावर. हा दोष त्यांचा नाही, आणि एकट्या शिक्षकाचा किंवा एकट्या आईबापाचाही नाही.

आता मोबाइल. विदर्भातल्या शेतमजुराच्या घरी टच मोबाइल असलाच तर एक असतो, आणि तो सकाळी घरधन्याच्या खिशातून वावरात जातो. संध्याकाळी सातला परत येतो. ऑनलाइन तास ठेवला जातो अकराला. घरात शिकणारी तीन पोरे असतील तर रात्री आठ ते नऊ या एका तासात तिघांचा अभ्यास, आणि त्याच वेळी चार्जिंग. २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा रिचार्ज डिसेंबर २०२१ मध्ये २४० ते ३०० रुपयांवर गेला. मेळघाटात, गडचिरोलीत किंवा आमच्या यवतमाळकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) रेंजसाठी टेकडी गाठावी लागते, ते वेगळेच. अशा घराला ‘फिकीर नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे.

शाळेच्या ग्रुपमधून पालक का बाहेर पडतात, याचेही कारण फार साधे असते. स्वस्तातल्या टच मोबाइलची जागा १६ जीबी. त्यात रोज चार-पाच व्हिडिओ आपोआप उतरतात, आठ-दहा दिवसांत मोबाइल अडकायला लागतो आणि कोणीतरी सांगतो, ‘तो शाळेचा ग्रुप काढून टाक.’ उपाय दोन मिनिटांचा आहे: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडायचे आणि मीडिया ऑटो डाउनलोडमधल्या सगळ्या खुणा काढायच्या. हे पालकांच्या हातात मोबाइल ठेवून करून दाखवावे लागते, ग्रुपवर मेसेज टाकून होत नाही. शिक्षकांनीही व्हिडिओऐवजी स्वतःच्या आवाजातला दोन मिनिटांचा निरोप पाठवावा. तो अर्ध्या एमबीतच जातो, कमकुवत रेंजवरही पोचतो, आणि मुलाला ओळखीचा आवाज ऐकू येतो.

शिक्षकांची बाजूही गावाला माहीत असायला हवी. २०२० मध्ये तालुक्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर, रेशन दुकानांवर, विलगीकरण केंद्रांवर शिक्षक उभे होते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरणाऱ्यांतही शिक्षक होते. कितीतरी जणांनी पाच-सहा पोरे ओट्यावर बसवून शिकवले, पोडावर जाऊन फळा टांगला. ते ग्रुपवर दिसले नाही, म्हणून ते झालेच नाही असे नाही.

पण एक चूक शिक्षकांकडून झाली, आणि ती मान्य केल्याशिवाय गाव ऐकून घेणार नाही. पाठवले म्हणजे शिकवले, असे धरले गेले. वरून विचारणाही तशीच होती: किती मुले ऑनलाइन, किती जणांनी स्वाध्याय सोडवला, टक्केवारी पाठवा. टक्केवारी गेली, पण स्वाध्याय मुलाने सोडवला की दहावीतल्या भावाने, हे तिच्यात दिसत नाही. वहीच्या फोटोचेही तेच. रात्री नऊला शिक्षकाच्या मोबाइलवर तीस फोटो येतात, काही आडवे, काही बल्बच्या पिवळ्या उजेडात अर्धे काळे. त्यातल्या एखाद्या पानावर सुरेख वळणदार अक्षर असते. शिक्षक अंगठा दाखवून ‘छान’ लिहितात, आई खूश होते. त्याच मुलीला तेच पान पुढ्यात ठेवून वाचायला सांगा. पुष्कळदा वाचता येत नाही. तिने अक्षरांची चित्रे उतरवलेली असतात. डिसेंबरात शाळा उघडल्यावर हे उघड झाले, घरच्यांना वाटले दोन वर्षे आपल्याला फसवले, आणि भांडणाला खरी धार तिथून आली.

म्हणून शाळा उघडल्यावर पहिले दोन दिवस पुस्तक उघडूच नका. एकेक मूल तपासा. तीस पटाच्या शाळेत मुलामागे दहा मिनिटे धरली तर पाच तास लागतात. दोन शिक्षक असतील तर एकाने उरलेल्यांना खेळात, गाण्यात, चित्रात गुंतवायचे आणि दुसऱ्याने बाहेर झाडाखाली एकेकाला बोलवायचे. चारचौघांत वाचायला लावू नका, अडखळणारे मूल तिथेच गप्प होते.

वाचनासाठी चार कागद हाताने ठळक लिहून ठेवा: एकावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर कानामात्रेचे साधे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा सोपा परिच्छेद, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, शब्द न तोडता वाचला तर गोष्ट द्या, नाहीतर शब्द द्या. पाचपैकी चार शब्द जमले तर मूल शब्दाच्या पायरीवर, नाहीतर अक्षरांवर या. मजकूर पाठ्यपुस्तकातला घेऊ नका आणि शेजारी चित्र ठेवू नका. पुस्तकातला धडा मुलांना पाठ असतो. बोट एका ओळीवर असते, तोंडाने तिसरी ओळ चालू असते, आणि ऐकणाऱ्याला वाटते पोरगं फडाफडा वाचतंय.

गणितात हातच्याची एकच वजाबाकी पुष्कळ सांगून जाते. ५२ मधून २७ वजा करायला द्या. ३५ उत्तर आले तर समजा, मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक काढला, सातातून दोन. त्याला वजाबाकी येत नाही असे नाही, दशक मोडायचा हे त्याला कळलेले नाही. हे मोबाइलवर समजावता येत नाही, हातात काड्या लागतात. सध्या तुरीची कापणी-मळणी चालू आहे, तुराट्यांना तोटा नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे बांधा, दोन सुट्या ठेवा आणि सात काढायला सांगा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय सात निघतच नाहीत. बारातून सात गेल्या, पाच उरल्या, चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले, पंचवीस. मूल स्वतः दोरा सोडते तेव्हा हातचा कळतो.

तपासणी झाली की रोजचा पहिला दीड तास इयत्ता विसरा. अक्षरांवर अडलेली दुसरी, तिसरी, चौथीची सगळी मुले एकत्र, शब्दांवरची एकत्र, गोष्ट वाचणारी एकत्र. चार वर्ग आणि दोनच शिक्षक असलेल्या शाळेला हे उलट सोपे जाते. उरलेल्या वेळात आपापल्या इयत्तेचे पुस्तक. मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा, जुलै २०२१ मधला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम बऱ्याच घरांत मोबाइलवरूनच आला आणि तसाच गेला. त्यातल्या कृती चांगल्या होत्या, त्या आता वर्गात वापरता येतील. पालकांनी मात्र ‘चौथीच्या पोराला पहिलीचं का शिकवता’ म्हणून शाळेत येऊ नये. ज्याला शब्द वाचता येत नाही त्याच्यापुढे चौथीचा परिसर अभ्यास ठेवला तर तो फक्त फळ्यावरचे उतरवील, आणि पुन्हा वळणदार अक्षराचे ते पान.

मास्कचेही सांगायला हवे. पहिली-दुसरीच्या मुलांना ‘त’ आणि ‘थ’, ‘ब’ आणि ‘भ’ यांतला फरक शिक्षकाचा आवाज स्पष्ट ऐकू आला तरच कळतो. मास्कआडून तो आवाज दबतो. उच्चार शिकवण्याचा तास उघड्यावर, कडुनिंबाखाली किंवा व्हरांड्यात, सात-आठ फुटांवर बसवून घ्यावा. सकाळची थंडी साडेदहापर्यंत ओसरते. वर्गात बसवायचे असेल तर खिडक्या उघडायलाच हव्यात. बकऱ्या शिरतात म्हणून कित्येक शाळांच्या खिडक्या कायमच्या बंद केलेल्या असतात. तिथे जुनी जाळी ठोकली तरी काम भागते. हापशी महिनाभर पडून असेल तर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका, आधी भरपूर हापसून टाका. ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजारांपर्यंत, त्यातच वीजबिल, खडू आणि दुरुस्ती. म्हणून जाळी ठोकण्याइतके हात गावानेही लावावेत.

मुलाला शाळेत पाठवण्यासाठी पालकांकडून घेतल्या जाणाऱ्या संमतीपत्रावरून गैरसमज फार आहेत. ‘काही झाले तर आम्ही जबाबदार, असे लिहून घेतात’ असे पालकांना वाटते आणि अंगठा द्यायला ते कचरतात. शिक्षकांनी तो कागद पोराच्या हाती घरी धाडू नये. वाचून दाखवावा, आणि खाली शाळेच्या बाजूने चार ओळी लिहून स्वतःची सही करावी: बसण्याची व्यवस्था अशी, ताप आला तर आधी यांना फोन, न येणाऱ्या मुलाला अभ्यास या दिवशी घरपोच. दोन सह्या असल्या की कागदाची भीती जाते.

तांदळाचेही तसेच. शाळा बंद असताना पोषण आहाराचा कोरडा शिधा वाटला गेला, दोन-तीन महिन्यांचा एकदम, आणि ‘माप कमी दिले’ ही कुजबुज बहुतेक गावांत झाली. हिशोब भिंतीवर लिहा. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. शाळेचे २२ दिवस धरले तर २ किलो २०० ग्रॅम आणि ३ किलो ३०० ग्रॅम. काटा पालकांसमोर ठेवा. तांदळाच्या मापावर ज्यांचा विश्वास बसत नाही, ते वाचनाच्या मापावर कसा ठेवतील?

हायस्कूलच्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात शिक्षकांचा हात नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात एस.टी. थांबली आणि मुलींसाठी असलेल्या, शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्याही त्यात अडकल्या. सात-आठ किलोमीटर चालत कोणती आई मुलीला पाठवील? त्या मुली कापसाच्या शेवटच्या वेच्याला, हरभऱ्याला लागल्या, रोजी मिळू लागली, आणि आता घराला त्या पैशांची सवय होते आहे. शाळा व्यवस्थापन समितीने अशा मुलींची यादी नावानिशी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि संप मिटेपर्यंत गावातली एखादी खासगी गाडी ठरवता येते का ते पाहावे. १५ वर्षांवरील मुलांचे कोरोना लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून सुरू झाले, ती यादीही सोबतच होईल.

समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरी सभा ठेवली जाते सकाळी अकराला. अकराच्या सभेला यायचे तर मजूर बाईची रोजी पडते. मग रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात आणि ‘पालक सभेला येत नाहीत’ अशी नोंद होते. सभा संध्याकाळी साडेसातला ठेवा. अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांनी महिन्यातून एक संध्याकाळ गावात थांबावे. शिक्षकाने नोकरीच्या गावीच राहावे की नाही, हा मुख्यालयाचा वाद जुना आहे, तो या सभेत काढू नये, पण गावाच्या मनात तो असतो आणि एका मुक्कामाने बराच निवळतो.

सोमवारी आणि मंगळवारी तपासणी झाली तर बुधवारी २६ जानेवारी आहे. झेंडावंदनाला जे पालक येतील त्यांच्यासमोर फळ्यावर चार आकडे लिहा: अक्षरांवर किती मुले, शब्दांवर किती, परिच्छेदावर किती, गोष्टीवर किती. खाली तारीख घाला: पुन्हा तपासणी शनिवारी, २६ फेब्रुवारीला. ज्या जिल्ह्यात शाळा उशिरा उघडतील तिथे हीच तपासणी ओट्यावर होऊ शकते, तिला इमारत लागत नाही. नावे मात्र फळ्यावर लिहू नका. ती ज्याच्या त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगा.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)